सातवी फेरी

प्रिय भिंगरी,

फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे दवाखान्याच्या दारात उभं राहून तब्येत सांगण्यासारखं झालंय, म्हणून शेवटी कागद काढला. रविवारी सातला फोन करते म्हणतेस आणि आमच्या भिंतीवर सात वाजून चार मिनिटं झाली की करत आलीस. दर रविवारी, वर्षभर. 'कसे आहात, आई कशी आहे, मी बरी आहे, ठेवते.' संपलं. घड्याळाचा सेल बदलायला येणारं गिऱ्हाईकसुद्धा माझ्याशी याहून जास्त बोलतं, आणि त्याला मी खांद्यावर घेऊन फिरवलेलं नसतं. शिवाय ते 'कसे आहात'. जन्मभर मला 'अरे बाबा' म्हणणारी पोरगी गेल्या उन्हाळ्यापासून 'अहो बाबा' म्हणायला लागली, तेव्हा मला वाटतं माझ्यामागे कुणीतरी मोठा साहेब उभा आहे. एकदोनदा मी खरंच मान वळवून बघितलं.

तेव्हा हे पत्र मधेच टाकून देऊ नकोस. तू अर्धी फेरी टाकणाऱ्यांतली नाहीस, हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरव.

आधी माझी अवस्था ऐक. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली आहेत. जिना मी उलटा उतरतो, कठडा धरून, आणि खालच्या मजल्यावरच्या शिक्षिका रोज तोंडावर पदर धरून बाजूला होतात. दुकानातल्या स्टुलावर एका कुशीवर बसावं लागतं, त्यामुळे डोळ्याला भिंग लावलं की समोरचं घड्याळ तिरकं दिसतं. परवा एका बाईंच्या घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून उडाला तो अजून सापडलेला नाही. हे सगळं कशानं, तर तुझा बाप यंदा रात्रीच्या फेऱ्यांच्या शर्यतीत पळाला. हो, मीच. हसून घे. तुझी आई तर आठवडाभर हसत होती. शर्टाला चमकणारी पट्टी शिवून देताना म्हणाली, 'मागच्या बाजूलापण लावते, म्हणजे पडलात तर शोधायला बरं.'

मी यात पडलो कसा ते सांगतो, कारण त्यात माझा काही दोष नाही. निदान तेव्हा तरी नव्हता. एकोणीस वर्षं मी त्या शर्यतीची वेळ धरली. पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानातून सुटायचं, लाकडी पुलावरून रानात शिरायचं, मुळांची चढण, जुनी खाण, कोरडा ओढा, शेवटचा छोटा दगडी पूल, की परत मैदान. साडेसहा किलोमीटर. सहा तासांत जेवढ्या होतील तेवढ्या फेऱ्या. आणि नियम एकच, तो मीच तिथल्या फळीवर रंगवला होता: पूर्ण फेरी मोजायची, अर्धीला शून्य. शेवटच्या शिट्टीला माणूस मैदानापासून दहा पावलांवर असला तरी त्याची ती फेरी गेली. मला तो नियम फार आवडायचा. अशी चोख गोष्ट जगात दुसरी कुठे आहे, असं मी लोकांना ऐकवायचो.

तर यंदा समितीनं नवीन यंत्र आणलं. एक काळा पट्टा असतो, त्यावरून पाय गेला की ते 'टुंई' करतं आणि पडद्यावर नाव, फेरी, सेकंदासकट वेळ. ते चालवायला दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी मला खुर्ची दिली, सरबत दिलं आणि छातीला फीत लावली, 'मार्गदर्शक'. मार्गदर्शक म्हणजे ज्याला काही विचारायचं नाही असा माणूस. मी तासभर ती फीत लावून सभेत बसलो. माझ्या देखत चर्चा चालली होती की माणसाच्या हातून चूक होऊ शकते, यंत्राच्या नाही. अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! फीत काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, मग मला पळायचा नंबर द्या. फेऱ्यांची वही लिहिणाऱ्या टपालवाल्या बाई तेवढ्या खुदकन हसल्या. एकसष्टाव्या वर्षी असला हट्ट केला की मागे घेता येत नाही, म्हणून पळालो.

पण खरं कारण एवढंच नव्हतं, आणि ते तुला कळतंय. पैज आपली होती. तू विम्याच्या कचेरीतून सुटायला बघत होतीस. त्या रानातल्या क्रीडाशाळेत मुलींना पळायला शिकवायची जागा तुला मिळत होती, आणि कचेरी दुसऱ्या गावी बढतीवर पाठवत होती. मी घर डोक्यावर घेतलं होतं. पळणं हे काय काम झालं? शेवटी मीच बोललो, तू नाहीस: सहा तासांत सात फेऱ्या करून दाखव, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. सहा झाल्या तर मुकाट्यानं बढती घ्यायची. त्या रानात एकाही बाईनं तोवर सात केल्या नव्हत्या, म्हणून बोललो. हा बाप किती उदार, असं लोकांना वाटावं आणि काम तर आपल्याच मनासारखं व्हावं, असला माझा बेत होता. तू एका क्षणात 'चालेल' म्हणालीस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती की ही पोरगी कुठेतरी गुपचूप सात मारून आलेली आहे.

गेल्या वर्षीची रात्र मी मनात इतक्या वेळा चालवली आहे की आता तिची झीज झाली असेल. सुरुवात उशिरा झाली, कारण दिव्यांची तार तुटली होती. टपालवाल्या बाईंनी वहीत लिहिलं, सुरुवात आठ-दहा. म्हणजे शेवट दोन-दहाला. मोठं घड्याळ खांबावर लावलं होतं, ते दीडच्या सुमाराला बंद पडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घड्याळजी बसलेला असताना कुणी काळजी करतं का? मी मनगट वर केलं आणि म्हटलं, हे आहे ना. तोवर तुझ्या सहा झाल्या होत्या आणि तू सातवीला गेली होतीस. दिवस उजाडल्यासारखी गर्दी झाली होती मैदानाच्या फाटकाशी. बेकरीवाला, त्याची बायको, ज्यांच्या फेऱ्या संपल्या ते सगळे, कुणीही घरी जायला तयार नाही. माझ्या घड्याळात दोन-दहा झाले आणि मी शिट्टी वाजवली. दगडी पुलाशी तुझा दिवा दिसत होता. लोक ओरडत होते. तू आलीस तेव्हा माझ्या मनगटावर दोन-बारा.

मी हात आडवा केला. तू वाकून उभी होतीस, दोन्ही हात गुडघ्यांवर, पोटऱ्यांवर धूळ, आणि एका गुडघ्यातून रक्त येत होतं. तू तुझ्या मनगटाकडे बघितलंस. मग माझ्या मनगटाकडे. मग माझ्या तोंडाकडे. फार वेळ. मला वाटलं आता रडेल, म्हणून मी आधीच आवाज चढवला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, 'वेळ काही कुणाच्या बापाची नसते.' लोक हसले. मीपण हसलो. तू 'ठीक आहे, बाबा' म्हणून पाण्याकडे गेलीस. बाईंना मी वहीतली ओळ खोडायला सांगितली. आठ दिवसांत तू बढतीच्या गावी निघून गेलीस.

त्यानंतर वर्षभर मी तुझ्यावर चिडून होतो, हे तुला माहीत असायला हवं. शब्द तू दिलास, तो तू पाळलास, मग तोंड कशाला फुगवायचं? हरल्यावर हसून बोलायला काय जातं? असं मी आईला विचारायचो आणि ती शिलाईयंत्राचं पायडल जोरात मारायची. दिवाळखोराला धीर द्यावा तसा मी तुला फोनवर धीर द्यायला जायचो. एकदा विचारलं, कचेरीत जीव रमतो ना? तू म्हणालीस, 'तुम्ही जिंकलात ना बाबा, मग आता कसली चौकशी?' माझ्या हातातला फोन गरम झाला. उपकाराची जाण नाही, असं काहीतरी मी बोललो. तू ठेवून दिलास. चूक माझी आहे असं मला त्या दिवशी शंभरातला एक हिस्सासुद्धा वाटलं नाही.

जाताना तू तुझं मनगटी घड्याळ इथे ठेवून गेलीस. स्वयंपाकघरात, भिंतीवरच्या घड्याळाच्या बरोबर खाली, फळीवर. मला वाटलं विसरलीस. पाठवू का म्हणून विचारलं तर म्हणालीस, राहू दे तिथेच. मी ते उचललं, बघितलं, मागे पडलेलं वाटलं, आणि घरच्या वेळेला लावून टाकलं. हात आपोआप गेला. आता ते आठवलं की तोच हात कुठेतरी आपटावासा वाटतो.

कारण आपल्या घरची वेळ म्हणजे काय, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? लग्नानंतर पहिल्या वर्षी तुझ्या आईच्या आवरण्यापायी आमच्या दोन गाड्या चुकल्या, तेव्हा मी घरातली सगळी घड्याळं चार मिनिटं पुढे केली. माझं मनगटी घड्याळसुद्धा, म्हणजे भांडायला पुरावा राहायला नको. दुकानातली मात्र सगळी बरोबर, ती धंद्याची. घरात बसून जो तो मनातल्या मनात चार वजा करायचा. तू वेळ वाचायला शिकलीस तीच वजाबाकीसकट. शाळेत बाईंनी वेळ विचारली तर तू म्हणालीस, खरी की घरची? त्यावरून आम्हाला शाळेत बोलावलं होतं. मी किती कौतुकानं ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगायचो.

आता यंदाची रात्र. पहिली फेरी मी रुबाबात काढली. बेकरीवाला बरोबर होता, तो म्हणाला, 'काका, जरा दमानं, अजून पाच तास आहेत.' मी म्हटलं, वेळेचं मला शिकवू नकोस. मुळांच्या चढणीवर दोनदा ठेच लागली. कपाळावर दिवा असला की सगळे पतंग तोंडावर येतात, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं. एक मी गिळला. खाणीत दगड दिवसभर तापलेले असतात आणि रात्री अकरालासुद्धा भट्टीच्या दारात उभं राहिल्यासारखी धग येते. दिव्याच्या झोतात धूळ पिठासारखी उडत राहते आणि पुढचा माणूस दिसत नाही, फक्त त्याचं खोकणं ऐकू येतं. एकोणीस वर्षं मी खुर्चीवर बसून 'चला चला, पाय उचला' म्हणत आलो. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं? दुसऱ्या फेरीत मी तुझ्यावर चिडलो, असल्या गोष्टीसाठी नोकरी सोडायला निघाली होती म्हणून. तिसऱ्या फेरीत खाणीच्या वर आलो तेव्हा वारा सुटला, खाली मैदानातले दिवे दिसले, आणि रातकिडे एकदम गप्प झाले. मी तिथे उगाच थांबलो. एक मिनिट वाया घालवलं, जाणूनबुजून. तेव्हा मला जरासं कळलं तुला तिथे काय मिळत असेल. जरासंच. लगेच पोटरीत गोळा आला.

चार फेऱ्या करायच्या असं मी मनाशी धरलं होतं. साठीच्या पुढच्या कुणी तिथे चार केल्या नव्हत्या, आणि त्या डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर माझं नाव चारच्या आकड्यासकट दिसलं पाहिजे होतं. चौथ्या फेरीला निघालो तेव्हा बारा वीस झाले होते. यंदा यंत्रामुळे सुरुवात ठोक्याला आठला झाली होती, म्हणजे शेवट बरोबर दोनला. ओढ्यात एक बूट सैल झाला. अंगठ्यांनी तर असहकार पुकारला होता. मी चालत होतो, पळत होतो, स्वतःला शिव्या घालत होतो. दगडी पुलावर पोचलो. तिथून मैदान तीनशे पावलं. लोकांचे आवाज येत होते, पट्ट्याची 'टुंई' ऐकू येत होती. मी मनगटावर दिवा पाडला. दोन वाजले होते.

संपलं, म्हणून मी पुलाच्या कठड्यावर बसलो. चौथ्या फेरीची सगळी मेहनत आणि पदरात शून्य, माझाच नियम, माझ्याच हातानं रंगवलेला. वर राग असा की शिट्टीसुद्धा वाजेना. म्हटलं, बघा, एवढं यंत्र आणलं आणि डॉक्टरीणबाईंना दोन वाजलेले कळत नाहीत. मी असतो तर ठोक्याला वाजवली असती. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मोठ्यानं बोललोसुद्धा, अंधारात, एकटाच. बूट काढला, खडा झटकला, मोजा पिळला. बेकरीवाला माझ्या शेजारून धावत गेला, 'काका उठा, काका उठा' करत. मी म्हटलं, अरे वेड्या, वेळ संपलीय. तो थांबला नाही.

आणि मग शिट्टी वाजली. मी घड्याळ बघितलं. दोन वाजून चार मिनिटं.

भिंगरी, मी घड्याळजी आहे. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं मागेपुढे झालेली मी आवाजावरून ओळखतो. पण माझ्या हातावरची ती चार मिनिटं मला दिसली नाहीत. दुकानात मी मनगटाकडे बघत नाही, भिंतीवर चाळीस घड्याळं आहेत. घरात बघतो तेव्हा वजाबाकी आपोआप होते, तिथल्या भिंतीच ती करून देतात. रानात ना दुकान, ना घर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तीनशे पावलांवर फेरी होती, हातात चार मिनिटं होती, आणि मी बूट काढून बसलो होतो. त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण लगेच पाठोपाठ तुझा चेहरा आला, ते माझ्या मनगटाकडे बघणं आलं, आणि मी हातात बूट घेऊन तसाच बसून राहिलो. शेवटी फेरीवर कुणी राहिलं का ते बघायला निघालेली माणसं आली आणि मला धरून मैदानात घेऊन गेली. लोकांना वाटलं, म्हातारा दमला.

मी टपालवाल्या बाईंना गाठलं. यंदा यंत्र असूनही त्या स्वतःची वही घेऊन बसल्याच होत्या, आणि गेल्या वर्षीचं सगळं त्याच वहीत आहे. म्हटलं, मागची पानं दाखवा. त्यांनी काही न विचारता पान काढलं, जणू कधीचं मी विचारायची वाट बघत होत्या. प्रत्येक फेरीसमोर त्या आपल्या घड्याळातली वेळ लिहितात, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं, कारण मी कधी वही वाचली नाही. तुझी सातवी ओळ खोडलेली होती, एकच रेघ मारून, खालचं सगळं वाचता येत होतं. दोन वाजून आठ मिनिटं. मर्यादा दोन-दहा. तू दोन मिनिटं उशिरा आली नव्हतीस. दोन मिनिटं आधी आली होतीस. मी विचारलं, बाई, तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, 'तुम्ही घड्याळजी, मी टपालवाली. म्हटलं माझंच मागे असेल. आणि खरं सांगू का, पैजेचं सगळ्यांना माहीत होतं. मधे कोण पडणार?' तेव्हा मला कळलं त्या काय म्हणत होत्या. त्यांना वाटलं होतं, मी मुद्दाम केलं.

घरी आलो, आईला झोपेतून उठवलं, सगळं सांगितलं. ती अंथरुणात उठून बसली आणि तिनं दिवा लावला. मग म्हणाली, 'म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?' तीस वर्षं संसार केलेली बाई. वर्षभर माझ्या ताटात वाढत होती आणि मनात हे धरून होती. मी तिच्यावर ओरडलो, अगं विचारायचं नाही का? ती म्हणाली, 'विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात तर?' मी त्याच पायांनी स्टूल घेतलं आणि पहाटे चारला घरातली सगळी घड्याळं बरोबर केली. तुझंसुद्धा. आता घरात नुसता गोंधळ आहे. आई सवयीनं चार वजा करते आणि सगळीकडे उशिरा पोचते. काल तिची बस गेली, त्याचंही माझ्याच डोक्यावर फुटलं.

आता का लिहिलं ते सांगतो, नाहीतर तुला वाटेल दुखऱ्या नखांचं कौतुक सांगायला लिहिलं. मी तुला फसवलं नाही, भिंगरी. तू वर्षभर ज्या माणसाला 'अहो' म्हणत होतीस, तो चोर नव्हता, गाढव होता. दोन्हीत फार फरक आहे असं मला वाटत नाही, कारण तुझं जे गेलं ते दोन्हीकडून तेवढंच गेलं. पण निदान हे तरी तुला खरं माहीत असावं. बाईंच्या वहीत मी सातवी ओळ पुन्हा लिहायला लावली, खाली माझी सही केली, आणि फळीवर तुझ्या नावापुढे सात रंगवले. समितीपुढे उभा राहून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मला पुन्हा सरबत दिलं, त्याचा मला जास्त राग आला. क्रीडाशाळेतही फोन केला. जागा गेल्याच वर्षी भरली. हे तुला गोड करून सांगता येत नाही, आणि ते भरून द्यायला माझ्याकडे काही नाही. तरी पैज तू जिंकलीस. उद्या कचेरी सोडलीस, कुठे दुसरीकडे पळायला शिकवलंस, नाहीतर काहीच न करता वर्षभर नुसती रानात फिरलीस, तरी मी चकार शब्द काढणार नाही. तुझं घड्याळ पत्रासोबत पाठवतोय. परवा रविवारी फोन वाजला तेव्हा मी सवयीनं भिंतीकडे बघितलं, आज तरी वेळेवर केलास का म्हणून. बरोबर सात वाजले होते. एकदम लक्षात आलं, की तू वर्षभर दर रविवारी बरोबर सातलाच करत होतीस, आणि मी दर रविवारी रागाच्या भरात वजाबाकी विसरून तुझ्या चार मिनिटांच्या उशिरावर धुसफुसत फोन उचलत होतो. माझं बाकी काहीही ऐकून घेतलं नाहीस तरी चालेल. फक्त या रविवारी सातला एकदा 'अरे बाबा' म्हण.

तुझाच,
बाबा